कपारीतल्या गारेच्या पात्या

मी ठाण्याच्या कचेरीत उमेदवार होतो तेव्हाची ही गोष्ट. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. अकराच्या ठोक्याला हजर व्हायचे, जो सांगेल त्याचे कागद उतरून काढायचे आणि एखादा जुना कारकून पेन्शनीत किंवा स्वर्गात जाईल याची आदबीने वाट पाहायची. मला दीड वर्ष झाले होते. आमचे जुने कारकून मोठे निरोगी होते.

त्या साली आमच्याकडे एक तरुण साहेब बदलून आले. याआधीचे साहेब सुट्टीत डुकरे मारीत. हे दगड गोळा करीत. कचेरीचे एकमत असे की यापेक्षा डुकरे बरी होती. डुक्कर निदान कोणी टेबलावर मांडून त्याला चिठ्ठी डकवीत नाही. साहेबांचे म्हणणे असे की लोखंडाचा शोध लागण्याआधी आपल्या जिल्ह्यात माणसे राहात होती आणि ती दगडाची हत्यारे वापरीत. खडवलीच्या पलीकडे, ठाकरांच्या एका पाड्याच्या वर, डोंगरात एक मोठी कपार त्यांनी शिकारीवर गेलेल्या मित्राकडून ऐकली होती. तिथे खणले तर ती माणसे सापडतील अशी त्यांची खात्री होती.

नाताळच्या सुट्टीला आठवडा असताना शिरस्तेदारांनी मला बोलावले. म्हणाले, साहेबांना खणायला माणसे हवीत. मजूर नकोत, सुशिक्षित हवीत. मजूर बक्षिसाच्या आशेने खोट्या वस्तू पुरून ठेवतात असे साहेबांनी कुठेसे वाचले आहे. आणि माणसे स्वखुशीने आलेली हवीत.

मी विचारले, "मग माझी खुशी आहे असे कळवू का?"

"ती मी मंगळवारीच कळवली आहे," शिरस्तेदार म्हणाले.

मी ठाण्यात मामांकडे राहात असे. मामांना आनंद झाला. साहेबांच्या शेजारी पंधरा दिवस उभे राहायला मिळते, म्हणजे नोकरीला हात लागला, असा त्यांचा हिशेब. मामींनी वाघाची चौकशी केली. कल्याणहून वडिलांचे पत्र आले. त्यात लिहिले होते की आपल्या घराण्यात कोणी कुदळ धरलेली नाही. परंतु ती साहेबाच्या हातून मिळत असेल तर हरकत दिसत नाही.

निघताना आम्ही दोन उमेदवार होतो. कल्याणला गाडी थांबली तशी दुसऱ्याच्या पोटात कळ आली. त्याची आत्या कल्याणातच राहात असल्याने तो तिथे उतरला. ती कळ बरोबर पंधरा दिवस टिकली, आणि सुट्टी संपली त्या दिवशी गेली. त्याच्या जागी डब्यात चढले ते एक शास्त्रीबुवा. खरोखरीच्या स्वखुशीने आलेला आमच्यातला एकटा माणूस. कल्याणच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, साठी उलटलेली, डोक्याला लाल पगडी आणि काखेत स्वतःची कुदळ. त्यांनी आपणहून साहेबांना अर्ज केला होता. ती कपार म्हणजे वनवासातील पांडवांची पाकशाळा आहे हे त्यांना सिद्ध करायचे होते. खडवली येईपर्यंत त्यांनी मला भीमाचा आहार किती असावा ते गणित करून दाखवले.

खडवलीहून बैलगाडी, मग नदी, मग तासभर चढ. पायथ्याच्या गावी पाटलाच्या पडवीत आमची सोय होती. तिथे शास्त्रीबुवा स्वयंपाक करीत आणि मी भांडी घाशी. साहेबांचा तंबू वर, कपारीच्या थोडा खाली.

साहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. ते मराठीची परीक्षा उत्तम रीतीने उतरले होते आणि त्यांचे सगळे दुःख त्यातच होते. परीक्षा उतरल्यावर दुभाषी मागता येत नाही. आणि ते जी मराठी शिकले होते ती ठाकरांनी कधी ऐकली नव्हती, ठाकर जी बोलत ती परीक्षेला नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी एका ठाकराला विचारले, "हे गृहस्था, या पर्वताचे अभिधान काय?" तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मी सोपे करून सांगितले. तो म्हणाला, "डोंगर." दुसरे नाव त्याला ठाऊक नव्हते; त्यांचा तो एकच डोंगर. साहेबांनी नकाशावर ठळक अक्षरात 'माउंट डोंगर' असे लिहिले. त्या दिवसापासून मी दुभाषी झालो, पण तसे कोणी म्हणायचे नाही असे न बोलता ठरले. कोणी काही बोलले की साहेब माझ्याकडे वळून म्हणत, "तुला ऐकू आले ना नीट?" आणि मला ऐकू आलेले मी इंग्रजीत सांगे.

खणण्याला सुरुवात झाली. साहेबांनी जमिनीवर दोऱ्या ताणल्या आणि आम्हाला आत उतरवले. एक वीत खणायचे, माती चाळणीतून गाळायची, जे उरेल ते त्यांना दाखवायचे. पहिल्या दुपारी माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. शास्त्रीबुवा लहानपणी वसईकडे सुपारीच्या बागेत वाढलेले. ते पगडी उतरवून, धोतर खोचून असे खणीत की मातीचा ढीग त्यांच्या बाजूला माझ्या तिप्पट होई. मला म्हणत, "अरे, कुदळ हाताने नाही मारायची, कमरेने मारायची. तू ती लेखणीसारखी धरली आहेस."

मजूर नकोत म्हटल्यामुळे पाड्यावरचे ठाकर रिकामे होते. कपारीसमोर एक लांबट खडक होता. त्यावर ते सकाळपासून येऊन बसत. बाया येत, म्हातारे येत, भाजलेले कंद फडक्यात बांधून आणीत आणि पाहात. ब्राह्मण खणतो आहे आणि आपण बसलो आहोत, असा देखावा त्या डोंगरावर पूर्वी झाला नसावा. कोणी हसत नसे. माझी कुदळ चुकीच्या जागी पडली की खडकावर एक हळहळ उठे, तेवढीच.

त्यात एक म्हातारी होती. पाड्याची सुईण. वाळकी, काळी, दंडात पितळेची कडी, नजर मोठी तीक्ष्ण. तिसऱ्या दिवशी ती उठून खड्ड्याच्या काठाशी आली आणि मला म्हणाली, "काय हरवलाय रं तुमचा?"

मी म्हटले, काही हरवले नाही. साहेब फार पूर्वीची माणसे शोधताहेत.

"त्याची मानसा?"

मी साहेबांना विचारले. ते विचार करून म्हणाले की एका अर्थाने ती सगळ्या मानवजातीचे पूर्वज होत. हे मी तिला सांगितले. म्हातारी साहेबांकडे खालून वर पाहून म्हणाली, याची माणसे इथे आली असती तर आमच्या आजोबाने सांगितले असते. शास्त्रीबुवांना हे फार आवडले. त्यांनी लगेच तिला विचारले की पाच भाऊ आणि त्यांची एक बायको इथे राहून गेल्याचे आजोबा बोलले होते का. तिने सांगितले की पाच भावांत एक बायको असती तर आजोबाने ते आधी सांगितले असते.

चौथ्या दिवशी पात्या सापडल्या.

चाळणीत माती हलवताना मला बोटभर लांबीचे, पातळ, काठाला धार असलेले दगडाचे तुकडे दिसले. आपण चकमकीला लावतो ती गार, पिवळसर, मेणासारखी तुकतुकीत. एक, मग तीन, मग संध्याकाळपर्यंत मूठभर. साहेबांनी पहिली पाती उजेडात धरली आणि आनंदाने ताठ उभे राहिले. कपारीचे छत तिथे ठेंगणे होते. टाळूला खोक पडली, रक्त आले, पण त्यांना कळलेही नाही. लोखंडापूर्वीची हत्यारे, असे म्हणत त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. साहेबाने माझा हात हलवण्याची ती पहिली वेळ. मग ते टिपणे लिहायला आणि डोक्याला पट्टी बांधायला तंबूकडे गेले.

ते गेल्यावर म्हातारी खड्ड्यात उतरली. पानावर मांडून ठेवलेली एक पाती उचलून तिने पाहिली आणि म्हणाली, ही माझी आहे.

मला वाटले, ती हक्क सांगते आहे. पण तसे नव्हते. तिने समजावून सांगितले. बाळाची नाळ लोखंडाने कापायची नाही, बाळाला ते सोसत नाही. म्हणून दर बाळंतपणाला ती गारेची नवी पाती काढते. वापरलेली पाती घरात ठेवायची नाही, वाटेवर टाकायची नाही. ती या कपारीत आणून टाकायची. तिच्या सासूनेही इथेच टाकल्या. मग तिने कमरेच्या पिशवीतून गारेचा गोळा काढला, गुडघ्यावर धरला, दुसऱ्या गोट्याने त्याच्या कडेला एक टोला दिला. पाती सुटून तिच्या मांडीवर पडली. पानावरच्या पात्यांशेजारी ठेवली असती तर ब्रह्मदेवालाही निवडता आली नसती.

शास्त्रीबुवांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. एवढ्यात साहेब परत आले. म्हातारीच्या हातात पाती पाहून त्यांनी मला विचारले, "ती काय म्हणते ते ऐकलेस ना?"

मी सत्यवचनी माणूस आहे असे मला तोवर वाटत होते. पण त्या क्षणी मला ठाण्यातले मामा दिसले, दीड वर्ष दिसले, निरोगी कारकून दिसले. मी म्हणालो, "ती म्हणते, या पात्या फार जुन्या आहेत. तिच्या वाडवडिलांपासून सगळे तसेच मानतात."

साहेबांनी ते वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले. म्हातारीपुढे टोपी काढली. तिला वाटले, तिचे म्हणणे त्यांना पटले. ती समाधानाने खडकावर जाऊन बसली. असे ते दोघेही माझ्यावर संतुष्ट होते, आणि मी दोघांचीही नजर चुकवून चाळणी हलवू लागलो.

पुढचे तीन दिवस पात्याच पात्या. साहेबांनी मला शिफारसपत्र देण्याचे कबूल केले. शास्त्रीबुवा मात्र माझ्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी भाताची पेज काढताना म्हणाले, "तू तिचे उलटे सांगितलेस."

मी म्हटले, तुम्हीही तिथे होता, तुम्हालाही इंग्रजी येते. तुम्ही का नाही सांगितलेत?

त्यांनी भातावर झाकण ठेवले. मग म्हणाले, "मला वाटले, साहेबाने हे छापावे आणि मग मी त्याला सभेत खोटा पाडावा. माझे पाप तुझ्यापेक्षा मोठे आहे. तुझे निदान पोटासाठी होते." आणि त्यांनी मला भात जास्त वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी खडकावर नव्हती. पाड्यावर एक पोर अडली होती. दुपारी म्हातारी सावकाश चढून आली, कपारीच्या तोंडाशी वाकली, कनवटीची पाती काढून आमच्या खड्ड्याच्या कडेला मातीत ठेवली, हात जोडले आणि खडकावर बसून तंबाखू मळू लागली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. तिचे काम झाले होते आणि आमचे चालू होते. ती पाती अजून ओली होती. थोड्या वेळाने मी त्या बाजूने खणणार, ती चाळणीत येणार आणि साहेब तिला क्रमांक देणार, हे माझ्या लक्षात आले. मी कुदळ ठेवली, तंबूत गेलो आणि साहेबांना सगळे सांगितले.

ते रागावले असते तर बरे झाले असते. ते गोरेमोरे झाले. खड्ड्यापाशी आले, म्हातारीला पाती काढून दाखवायला सांगितली. तिने काढली. त्यांनी भिंग काढले. जुनी पाती, नवी पाती, पुन्हा जुनी. मग अर्धा तास ते दगडावर बसून राहिले. मला त्यांची दया आली. पण साहेबाच्या जातीत एक शक्ती असते. अर्धा तास संपल्यावर ते उठले ते प्रसन्न चेहऱ्याने. म्हणाले, उलगडा झाला. या बायकांनी कपारीतल्या जुन्या पात्या पाहिल्या आणि त्यांची नक्कल करायला शिकल्या. यावरून जुन्या पात्या जुन्याच आहेत हे अधिकच सिद्ध होते.

यावर शास्त्रीबुवा भडकले. त्यांना राग म्हातारीच्या वतीने आला की पांडवांच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. इंग्रजीत म्हणाले, "साहेब, खाली जो चुन्यासारखा कठीण थर लागला आहे, ज्याला आपण तळ समजतो, तो फोडू या. त्याखाली काही निघाले तर ते या बाईचे नव्हे, हे मी मानीन. नाही निघाले तर आपण तिची क्षमा मागा."

साहेबांनी ते मान्य केले. दोन दिवस आम्ही तिघे पहारीने तो थर फोडीत होतो. साहेबांनीही अंगरखा काढून पहार धरली. त्यांच्याही हाताला फोड आले आणि ते माझ्यासारखेच फुंकर घालीत. थर हातभर जाड निघाला. त्याखाली काळी राख, जळक्या हाडांचे तुकडे, आणि राखेत पात्या. तशाच, पण अंगावर पांढरी साय धरलेल्या.

मी वर जाऊन म्हातारीला बोलावून आणले. तिने एक पाती पदराला पुसली, कडेवरून अंगठा फिरवला, उलटी केली, टोला पडला ती जागा नखाने चाचपली.

"ही माजी नाय," ती म्हणाली. "सासूचीबी नाय. पन जिनं केली तिला येत होता."

मी शब्दाला शब्द ठेवून साहेबांना सांगितले. त्यांनी विचारले, तिची खात्री आहे का. मी विचारले नाही. तिच्या चेहऱ्यावर होती. शास्त्रीबुवांनी राखेला हात लावला, पांडवांची असती तर तिच्यात करपलेली शिते असती असे काहीसे पुटपुटले आणि पगडी घालून बाजूला जाऊन बसले.

सुट्टी संपली. साहेब पेट्या घेऊन खडवलीला उतरले. म्हातारीने आम्हाला अडवले. कपार उघडी टाकून जायची नाही, म्हणाली, मी पुढच्या वेळी पाती कुठे ठेवू. म्हणून शास्त्रीबुवा आणि मी एक दिवस मागे राहून खड्डा भरू लागलो. आमची भरण्याची तऱ्हा ठाकरांना पाहवेना. थोड्या वेळात दोघे-तिघे खडकावरून उठले, त्यांनी आमच्या हातची फावडी काढून घेतली आणि आम्ही पंधरा दिवसांत खणले ते जेवणवेळेच्या आत बुजवले. म्हातारीने भाजलेले करांदे पुढे केले. मी शास्त्रीबुवांकडे पाहिले. ते म्हणाले, "कंदमुळांना विटाळ नाही. ऋषी तेच खात." आणि चार खाल्ले. ऋषींनी एवढ्या भराभर खाल्ले नसावेत.

मला शिफारसपत्र मिळाले. त्यात मी बुद्धिमान, प्रामाणिक आणि स्वभावाने तत्पर असल्याचे लिहिले होते. मधला शब्द वाचताना मला खाली पाहावे लागले. पावसाळ्यापूर्वी मला मुरबाडला कारकुनाची जागा मिळाली. मामांनी पेढे वाटले.

साहेबांचा लेख एका विद्वानांच्या सभेने छापला. त्यांनी मला प्रत पाठवली. माउंट डोंगर होता, चुन्याचा थर होता, पात्यांची चित्रे होती. त्या पात्या शिकारी पुरुषांनी जनावरांचे कातडे सोलण्यासाठी केल्या असे अनुमान होते. तळटीपेत लिहिले होते की स्थानिक रहिवाशांना या वस्तूंविषयी काही माहिती नाही. मी ती तळटीप चार वेळा वाचली. मग तीन रात्री खर्डे करून इंग्रजीत त्या सभेला पत्र लिहिले: सुईण, नाळ, सासू, सगळे. दोन महिन्यांनी उत्तर आले. पत्राबद्दल आभार मानले होते, आणि सोबत सभासद होण्याचा कोरा अर्ज जोडला होता.

शास्त्रीबुवांना हे दाखवायला मी कल्याणला गेलो. त्यांनी लेख वाचला, घडी घालून परत दिला. त्यांच्या मते या सगळ्यातून एकच गोष्ट निर्विवाद झाली होती: त्या कपारीत पांडव नव्हते. अर्थात ते पलीकडच्या डोंगरात असणार. येत्या हिवाळ्यात तिथे खणायचे त्यांनी ठरवले होते, आणि मी येतो का असे विचारले.

मी गेलो. साहेब नव्हते, दोऱ्या नव्हत्या, आम्ही दोघेच. शास्त्रीबुवा कमरेने कुदळ मारीत होते आणि एव्हाना मीही मारीत होतो. पाच दिवस खणले. पाकशाळा लागली नाही, पाती लागली नाही, राखही लागली नाही. सहाव्या दिवशी सकाळी खड्ड्यात उतरलो तो घोटाभर पाणी साठलेले, थंड आणि नितळ. शास्त्रीबुवांनी ओंजळभर पिऊन पाहिले आणि भीमाला हे नक्की आवडले असते असे म्हणाले. तिथल्या पाड्यावरच्या बायांना तोवर पाण्यासाठी नदीपर्यंत उतरावे लागे. त्यांनी खड्ड्याला कडेने दगड रचून घेतले. उन्हाळ्यातही ते पाणी आटत नाही, असे ऐकतो.